आठ वॅटची अभिरुची

नवरा गेल्यावर भेटायला येणारी माणसं आधी त्याच्या फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि बोलायला काही सुचेनासं झालं की पंख्याकडे. अध्यक्ष आले ते स्पीकरकडे बघतच आत आले.

अध्यक्ष हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. दर रविवारी सकाळी आमच्या भाईंदरच्या घरी चार पुरुष गाणं ऐकायला जमत. त्यांतले हे वयाने सर्वांत मोठे. बँकेतून वरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, मीरा रोडला राहणारे. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. ते बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे, आणि सर्वांत जास्त मान माझा नवरा डोलवायचा.

"फार वाईट झालं, वहिनी," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "त्याच्यासारखा कान मंडळात दुसरा नाही." जरा थांबून पुढे म्हणाले, "हे तुम्ही भिंतीला चिकटवलेत का? निदान दोन फूट पुढे हवेत."

हो, मीच चिकटवले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदनेला जमलेल्या माणसांना बसायला जागा हवी होती.

हे स्पीकर म्हणजे माझ्या छातीपर्यंत येणारे दोन लाकडी खांब. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याने ते परदेशी निघालेल्या एका गृहस्थाकडून आणले. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवले. एवढ्याशा हॉलमध्ये ते बिनबोलावलेल्या पाहुण्यांसारखे उभे राहिले आणि मी आतल्या खोलीत वाचायला बसू लागले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला शांतता लागते, असं मी सर्वांना सांगत असे.

अध्यक्षांनी चहा घेतला आणि मुद्द्यावर आले. स्पीकर इथे पडून राहतील, वाया जातील. त्यापेक्षा ते त्यांच्या घरी गेले तर रविवारची बैठक तिथे भरेल आणि त्याची आठवणही राहील. "तुम्हाला काय, मोबाइलवर ऐकलं तरी चालतं," ते म्हणाले. मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी टेम्पो आणायचं ठरलं.

स्पीकर जाणार म्हणून मी त्याचं सीडींचं कपाट आवरायला काढलं. तिथे मला एक गोष्ट दिसली, आणि ग्रंथपाल नसते तर कदाचित दिसली नसती. वाचनालयात काही पुस्तकं अशी असतात की पहिली दहा पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, आणि पुढची सगळी कोरी करकरीत. वाचणाऱ्याने कुठे हात टेकले ते पुस्तकच सांगतं. माझा नवरा प्रत्येक सीडीच्या आत कागद ठेवायचा आणि त्यावर पेन्सिलीने नोंदी करायचा. एका मैफलीच्या सीडीवर, जी त्याची सर्वांत लाडकी म्हणून मंडळात प्रसिद्ध होती, लिहिलं होतं: 'चाळीसाव्या सेकंदाला तानपुऱ्याची तार डावीकडे. दीड मिनिटाला गायिकेचा श्वास. तीन-पन्नासला षड्ज, खोलीची घुमक ऐकू येते.' त्यापुढे काही नाही. सीडी एकाहत्तर मिनिटांची होती.

दुसरी काढली, तिसरी काढली. कुठेच पाचव्या मिनिटाची नोंद नव्हती.

मग मला रविवार आठवले. पोहे व्हायचे, सीडी लागायची, आणि दोन-तीन मिनिटांत अध्यक्षांचा आवाज यायचा: "थांबव, थांबव. ती तार ऐकलीत? परत." परत तेच दीड मिनिट. मग दुसरी सीडी. तिचंही दीड मिनिट. अकरा वर्षं मी दाराआडून गाण्यांच्या फक्त सुरुवाती ऐकल्या होत्या. एवढ्या मोठ्या खांबांतून या चार माणसांनी एक अख्खं गाणं ऐकलेलं नव्हतं.

स्पीकर जाण्याआधी ही एक सीडी शेवटपर्यंत ऐकायची, एवढंच मी ठरवलं. त्याने जे ऐकलं ते ऐकायचं, आणि त्याने जे ऐकलं नाही तेही.

त्याचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता. वर काचेच्या चार नळ्या, त्यात नारिंगी उजेड. देवघर नसलेल्या आमच्या घरात तेवढंच काय ते तेवत असायचं. मी तो लावला. पहिली चार मिनिटं खरोखर सुंदर होती. मग तबला आला, लय वाढली, गायिकेने वरच्या सप्तकात तान घेतली आणि तिचा आवाज फाटला. जुनं कापड टर्रकन फाटावं तसा. मी आवाज कमी केला, तर ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये गात असल्यासारखी वाटू लागली. वाढवला की पुन्हा फाटली.

मी अध्यक्षांना फोन केला.

"रेकॉर्डिंगच तसं आहे, वहिनी," ते म्हणाले. "द्रुत भाग बिघडलेला आहे. म्हणून तर आम्ही तिथवर जातच नाही."

"अ‍ॅम्प्लिफायर कमी पडत असेल का?"

ते हसले. समोरच्याला अजून बरंच शिकायचंय, असं सांगणारं ते हसू. "पहिला वॅट महत्त्वाचा, वहिनी. बाकीचे वॅट मिरवणुकीला."

मिरवणुकीचा हा टोमणा मी आधीही ऐकला होता. स्पीकर नवीन होते, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता, तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा दीर त्या रविवारी घरी आला होता. तो इथेच भाईंदरला, जेसल पार्कला राहतो, हळदी, जयंती, दहीहंडी यांना साउंड लावतो. खांब बघून तो हरखला. म्हणाला, "दादा, हे तर पैलवान आहेत. मी अ‍ॅम्प आणतो, एकदा फुल्ल मारू." अध्यक्ष पोह्याची बशी हातात धरून हसत म्हणाले, "नको रे बाबा, इथे मिरवणूक नाही निघालेली. तुमच्याकडे आवाज मोठाच लागतो, ते ठाऊक आहे आम्हाला."

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. दीर हसला आणि पोहे खाऊ लागला. नवरा हसला नाही. जालन्याजवळच्या वस्तीतून निघून, रात्रशाळा करून, कार्यालयात अधिकारी झालेला माणूस. ख्याल ऐकायला तो स्वतःच्या बळावर शिकला होता. त्यानंतरच्या महिन्यात अध्यक्षांनी निवडून दिलेला आठ वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरात आला. भावाला त्याने पुन्हा कधी त्या यंत्राला हात लावू दिला नाही.

मी स्पीकर भिंतीपासून ओढून पुढे घेतले आणि मागची पाटी पुसून वाचली. अकरा वर्षांत ती कुणी वाचली नसावी. चार ओहम. एका वॅटला, एका मीटरवर पंच्याऐंशी डेसिबल. योग्य अ‍ॅम्प्लिफायर: पन्नास ते दोनशे वॅट. इतकं सरळ लिहिलेलं होतं. मग मी कॉलेजातली भौतिकशास्त्राची दोन पाठ्यपुस्तकं आणली आणि आठवडाभर सावकाश वाचली. कळलं ते एवढंच. हे स्पीकर जड जेवणारे आहेत. एका वॅटमध्ये ते कमी आवाज देतात, आणि आवाज जरासा, म्हणजे तीन डेसिबल, वाढवायचा तर वॅट दुप्पट करावे लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीन पावलांत आपली पुंजी संपली. त्यात चार ओहम म्हणजे वाटेत अडथळा कमी, म्हणजे विजेचा प्रवाह जास्त लागणार, आणि तोही त्या नारिंगी नळ्यांकडे नाही. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात. तेच ते फाटणं. व्हॉल्व्हचा यात दोष नाही. अध्यक्षांच्या घरचे स्पीकर एका वॅटमध्येच खोली भरतात, तिथे आठ वॅट म्हणजे श्रीमंती. त्यांनी स्वतःच्या मापाचा सदरा दुसऱ्याला दिला होता आणि तो दाटतो म्हणून दुसऱ्याने अकरा वर्षं श्वास रोखून धरला.

आणि याला त्यांनी अभिरुची म्हटलं होतं, याचा मला जास्त राग आला. यंत्राला द्रुत झेपत नाही म्हणून द्रुत हलकं. तबला वाजला की आवाज फाटतो म्हणून तबला बाजारू. पूर्ण गाणं ऐकणं म्हणजे सामान्य श्रोत्याचं लक्षण, असंही मी दाराआडून ऐकलं होतं. आठ वॅटच्या आत जेवढं मावलं तेवढं शास्त्र.

दिराला फोन केला तर तो तासाभरात हजर. चेणे गावातल्या आपल्या गोडाऊनमधून मिरवणुकीचा अ‍ॅम्प्लिफायर टेम्पोत घालून आणला होता. दोन माणसांनी उचलायची लोखंडी पेटी.

"वैनी, टेन्शन नाय. हजार प्लस हजार. दादाचे पैलवान आज जेवतील."

"भाऊजी, मला घर पाडायचं नाहीये."

"तुम्ही वॉल्यूमचा कान नुस्ता पिरगाळा, बस."

बटण दाबताच खांबांतून धप्प आवाज आला. पेटीचा पंखा सुरू झाला. पिठाच्या गिरणीत बसून ख्याल ऐकल्यासारखं होतं ते. बटण नखभर फिरवलं तर काही नाही, आणखी नखभर फिरवलं तर खालच्या मजल्यावरून हाक. तानपुरा पंख्यात बुडाला. कमी पडल्यावर जास्त आणणं हा यांच्या धंद्याचा सगळा शहाणपणा. मी तसं बोलले. मला ते बोलायला नको होतं.

तो रागावला नाही. पेटी बंद करून जमिनीवर बसला. "आम्ही उघड्या मैदानात वाजवतो, वैनी. घरातलं आम्हाला काय कळणार. पण एक सांगू? कमजोर अ‍ॅम्प जास्त स्पीकर जाळतो. फाटलेला आवाज वरच्या छोट्या स्पीकरला खातो. आमच्या लाइनमधलं शेंबडं पोरपण सांगेल. मी दादाला तेव्हाच बोललो होतो."

"मग?"

"दादा बोलला, तू गप्प बस, हे लोक ऐकतील."

पाठ्यपुस्तकांवरून हिशोब करून मी एक कागद लिहिला होता, तो त्याला वाचून दाखवला. चार ओहमवर साधारण शंभर वॅट पेलणारा, ट्रान्झिस्टरचा, पंखा नसलेला, घरगुती.

"एवढंच?" तो म्हणाला. "हे आधी सांगायचं ना, वैनी! मी मैदान समजून आलो."

चार दिवसांनी त्याने ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून एक जुना काळा अ‍ॅम्प्लिफायर आणला. रूप काहीच नाही, उजेड नाही. दोन्ही हातांत नीट वजन भरत होतं, तेवढंच. जोडायला तो रविवारी सकाळी आला. त्याच रविवारी टेम्पो यायचा होता. मी तो रद्द केला नव्हता. ऐकून झालं की द्यायचे, असंच अजून मनात होतं.

सीडी लावली. चौथं मिनिट गेलं, पाचवं गेलं. दीर जमिनीवर बसून अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवून होता, तापतो का ते बघत. तबला आला. लय वाढली. तान वर गेली आणि फाटली नाही. ती नुसती मोठी झाली. खोली तिच्यासाठी लहान पडली, पण आवाज कुठेही ओरडत नव्हता. रेकॉर्डिंग बिघडलेलं नव्हतं. ते अकरा वर्षं कपाटात धडधाकट होतं.

द्रुत ऐन भरात असताना दाराची बेल वाजली. अध्यक्ष. त्यांनी चप्पल काढता काढताच ऐकलं आणि भुवया वर केल्या.

"ट्रान्झिस्टर ना? कळतंच. जरा मोठं नाही वाटत, वहिनी?"

"मोठंच आहे. बसा. संपू दे."

"खाली टेम्पो उभा आहे."

"राहू दे उभा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते बसले. घड्याळ बघत बसले, मग घड्याळ बघायचं थांबले. गाणं चढत गेलं आणि संपलं. टाळ्या झाल्या, बराच वेळ. टाळ्या विरल्यावर गायिकेचा बोलण्याचा आवाज आला. दमलेला, थोडा घोगरा, अगदी घरच्या बाईचा: "ती मागची खिडकी लावा हो कुणीतरी. मघापासून वारा लागतोय पाठीला." कुणीतरी हसलं. खिडकी लावल्याचा आवाज आला. मग सीडी थांबली.

अध्यक्ष खुर्चीच्या कडेला आले होते. "ही सीडी माझ्याकडेही आहे," ते म्हणाले. "त्याला मीच दिली होती. हे शेवटी असं..." मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

टेम्पोवाला वर आला. "अंकल, लोड करना है कि नहीं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"नहीं करना है, भैया," मी म्हणाले. "चाय पीके जाओ."

त्याने चहा घेतला. अध्यक्षांनी घेतला नाही. जिन्यावरून दोघांची पावलं उतरून गेली.

मी तुच्छतेने लिहितेय हे मला कळतं. पण त्यात मला स्वतःला वगळता येत नाही. एका दारापलीकडे माझा नवरा पाचव्या मिनिटाला भिऊन अकरा वर्षं बसला होता. कुणीतरी येऊन, "पुढे काय आहे ते लाव की," एवढं म्हणायला हवं होतं. ते म्हणायला व्हॉल्व्ह लागत नाही, वॅट लागत नाहीत. मी ते दार लावून पुस्तक वाचत होते, आणि मंडळातले लोक जसे द्रुताला हलकं समजत तशी मी त्याच्या छंदाला हलकं समजत होते.

दीर अजून जमिनीवरच होता. हात त्या काळ्या पेटीवर तसाच. "वैनी, दादानी हे ऐकलंच नव्हतं?"

"नाही."

त्याने सीडीची रिकामी डबी उचलून आतला कागद पाहिला. मग नाक ओढून म्हणाला, "परत लावू?"

"लाव," मी म्हणाले. "पण सुरुवातीपासून नको. पाचव्या मिनिटापासून."