रिस्टार्टच्या आधी

“रिस्टार्ट नंतर. आधी बाहेर जाऊन सांगून ये.”

हे म्हणताना सरांचा डावा तळवा कीबोर्डवर पालथा पडलेला असायचा. नव्या मुलांना वाटायचं, सर गंमत करताहेत. सर गंमत करत नसत.

आमच्या सोलापूरच्या रुग्णालयात शिकाऊ सर्जन मंडळींसाठी एक सिम्युलेटर आहे. टेबलावर अवजारांच्या दोन मुठी, पायाशी पेडल आणि समोर पडदा. मुठी हलवल्या की पडद्यावरच्या पोटात अवजारं हलतात. चुकीची नस कापली तर रक्त येतं, ते वेळेत थांबवलं नाही तर पेशंट दगावल्याची पाटी येते. मग कीबोर्डवरचं रिस्टार्टचं बटण दाबायचं. पेशंट ठणठणीत होऊन पुन्हा पोट दाखवायला हजर! हे यंत्र चालू ठेवणं आणि मुलांचे मार्क काढून देणं ही माझी नोकरी. यंत्र विकणाऱ्यांनी त्या बटणाचं फार कौतुक केलं होतं. मुलांना शिकवणारे आमचे जुने सर्जन म्हणजे सर, आणि त्यांचा राग नेमका त्याच बटणावर होता.

पेशंट गेला, की तो ज्याच्या हातून गेला त्यानं व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या नातेवाइकाला जाऊन सांगायचं, हा त्यांचा कायदा. आणि नातेवाईक म्हणजे मी.

“इंजिनिअर, आज तुम्ही माढ्याचे. आत तुमचे वडील आहेत, पित्ताशयात खडे. जावा, बसा की बाहेर.”

असा मी कधी माढ्याचा मुलगा झालो, कधी माळशिरसचा भाऊ, एकदा तर अक्कलकोटच्या बाईंचा नवरा. पुढं पोटासाठी रोज सुतकात बसावं लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी कॉमर्सला गेलो असतो.

सर दारात उभे राहून ऐकायचे. एकजण म्हणाला, “सॉरी, पेशंट एक्स्पायर झाला.” सर म्हणाले, “एक्स्पायर गोळ्या होतात. माणूस जातो. परत सांग.” दुसरा उभ्याउभ्याच सांगून वळला. “पोस्टमन आहेस काय रे? बसून सांग की.” तिसऱ्यानं सुरुवात केली, “आम्ही खूप प्रयत्न केले, पण...” त्याला मध्येच तोडलं. “प्रयत्नाचं नंतर. आधी गेले ते सांग.” आणि सगळ्यांत अवघड नियम शेवटचा. नातेवाईक रडो, शिव्या देवो की गप्प बसो, तो उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. चहाची वेळ झाली असली की मी जरा लवकर उठत असे, एवढंच.

एकदा बाकावर माझ्या शेजारी नातेपुत्याच्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा वॉर्डात होता. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यांत हुशार मुलगी बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “तुमचे वडील गेले. माझ्या हातून रक्त थांबलं नाही.” एवढं बोलून तिला रडूच फुटलं. मी माझं ठरलेलं वाक्य बोलणार, तोच आजीबाईंनी माझं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. “रडू नगंस लेकरा. माजा बी बाप असाच गेला.” माझे वडील त्या वेळी घरी दूरदर्शनवर बातम्या बघत होते. सर धावत आले आणि त्यांनी हात जोडून सगळा प्रकार समजावला.

“म्हंजी खोटं हाय व्हय ह्ये?” आजीबाई म्हणाल्या. “मग बरं हाय की. पर पोरगी तर खरी रडतीया.”

सर तिच्याकडे बघत म्हणाले, “व्हय आजी. तेवढ्यासाठीच हे.”

सर विणकराच्या घरातले. घरी तेलुगू, वॉर्डात सोलापुरी. बोटांवर त्यांचा फार जीव. मुलं यंत्रावर काम करत असताना ते खुर्चीत बसून, उरलासुरला दोरा घेऊन खुर्चीच्या हातावर एका हातानं गाठी मारत राहायचे, बघायचे मात्र पडद्याकडे. त्यांचे वडील मागावर तुटलेला धागा जोडायचे तो वेग म्हणे याहून जास्त होता. त्या खुर्चीचा हात गाठींनी गच्च भरला होता.

गेल्या हिवाळ्यात गाठी थांबल्या. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. थंडी असेल, असं मी मनाशी म्हटलं. सोलापूरची थंडी ती कितीशी, हे मलाही ठाऊक होतं. सोमवारची ऑपरेशनं ते मुलांना करायला लावत आणि स्वतः बाजूला उभे राहत.

मग एका दुपारी, तास नसताना, सर एकटेच आले. “लावा की एक केस,” म्हणाले. ते मुठींपुढे बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. यंत्र हाताच्या प्रत्येक हालचालीची रेघ काढतं. निर्णय सगळे अचूक होते, कुठं कापायचं, कुठं थांबायचं. रेघ मात्र सुरुवातीपासून थरथरत होती. शेवटी नस फाटली आणि पाटी आली.

सवयीनं माझा हात बटणाकडे गेला. सरांचा तळवा आधीच तिथं होता.

“चला बाहेर.”

“सर, आज मी कुठला?”

“आज तुम्ही तुम्हीच.”

त्यानंतर सरांनी ऑपरेशन केलं नाही. महिनाअखेरीस ते मुलीकडे हैदराबादला गेले. कायदा आम्ही चालू ठेवलाय, खुर्चीही तशीच आहे. पण मला आठवतो तो त्या दुपारचा बाक. सर माझ्याजवळ बसले, आपल्याच नियमाप्रमाणे, अगदी शेजारी.

“हात गेले,” ते म्हणाले. “मला ठाऊक होतंच. मशीनकडून ऐकून घ्यायचं होतं.” मग म्हणाले, “प्रयत्नाचं नंतर सांगतो.”

फार वाईट वाटत होतं. चहावाला आला आणि आमच्याकडे बघून तसाच पुढं गेला. मी उठल्याशिवाय सरांना उठता येणार नव्हतं. मी उठलो नाही.