मुरलीच्या गिटारचा काही दोष नव्हता

मंडळी, आज मी माझ्या रूममेटची गिटार नीट केली आणि त्याची वाट लावली.

मुरली तंजावरकडचा मराठी. तीन वर्षं एकच स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. घाण वाजलं की तमिळ ढंगात म्हणतो, "गिटारच बंडल आहे डा, मी काय करू?"

आज संध्याकाळी इथे चेन्नईत नुंगंबाक्कमला एका बँडसाठी त्याची ऑडिशन होती. त्याला घेतलं तर तो शहराबाहेरची, ओरगडमची कारखान्यातली नोकरी सोडणार होता. म्हणून मी सकाळीच कामाला लागलो. मध्येच पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसलो, त्यात तास गेला, ते सोडा. ॲलन कीने, म्हणजे त्या षटकोनी चावीने, गिटारची वाकलेली मान सरळ केली, नव्या तारा लावल्या, तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू फिरवून त्यांची उंची जुळवली. वाजवून बघितली. एकदम स्वच्छ.

मग मुरलीने वाजवली. तीच घाण. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बोटं अडखळत होती, ताल सुटत होता. आता लपायला तारांची जुनी खरखरसुद्धा नव्हती.

"अजून काहीतरी सेटिंग राहिलंय ना रे?"

"हो. तुझं." वर मी हसलोपण.

तो ऑडिशनला गेलाच नाही. दिवसभर माझ्याकडे पाठ करून पडला होता. आत्ता उठला, ॲलन की माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "होती तशी करून दे."

मी नाही म्हणालो. तुम्ही दिली असती करून?