तारीख अगोदर, रंग नंतर

कोणी शेडात आलं की मिस्त्री आलमारीच्या दारावर बोट वाजवत म्हणायचे, "तारीख सांगा जी. रंग मंग पाहू."

गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांचा लोखंडी आलमाऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, टिनाचं शेड आणि आम्ही चार माणसं. मी रंगारी. गावांत तेव्हा नुकते मोबाइल आले होते. आमच्याकडे पोरीच्या आंदणाची आलमारी मांडवात सगळ्यांना दिसेल अशी उभी करतात. वरात यायच्या आधी ती तिथं हवी म्हणजे हवीच.

मिस्त्रींकडे माप एकच आणि रंग दोनच. एका मापामुळे पत्रा वाया जात नसे, म्हणून भाव गोंदियापेक्षा कमी आणि आठ दिवसांत माल घरी. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. गिऱ्हाईक गुलाबी मागून परत गेलं की माझं डोकं फिरायचं.

"लोकं मागून रायले, आपण काऊन नाही देत?" एका हंगामात मी त्यांच्या मागेच लागलो. शेवटी ते म्हणाले, "कर बापा."

मग काय, गुलाबी, मोरपंखी, आरशाची, फुलांची. ऑर्डरी दुप्पट झाल्या. पण रंग बदलला की स्प्रे गन धुवा, नळ्या धुवा, अर्धा दिवस त्यातच जाई. आरसेही गोंदियाहून वेळेवर येईनात.

दवनीवाड्याची आलमारी आम्ही पोरगी सासरी गेल्यावर पोचवली. मांडवात आलमारीसाठी सोडलेल्या जागेभोवतीची रांगोळी अजून तशीच होती. पोरीच्या बापासमोर मिस्त्री हात जोडून उभे राहिले. चूक माझी होती, पण मला त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोनच रंग. गिऱ्हाईकं तुटली, एक कारागीर सोडून गेला.

"ज्याले आरसा पाह्यजे तो गोंदियाले जाईन," मिस्त्री म्हणाले. "आपण देलेला दिवस पाळू."

पुढं एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. प्रत्येक आलमारीसोबत स्वतः टेम्पोत बसून जायचे.

मग ऐन हंगामात मिस्त्रींच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेडाचं कुलूप स्वतः काढलं.

"तीन पोरीच्या लगनाच्या आलमाऱ्या द्याच्या आहेत," त्या आम्हाला म्हणाल्या. "रडाले सारा पावसाळा पडला आहे."

शेवटची आलमारी सौंदडला होती. वरातीच्या आदल्या दिवशी ती मांडवात उभी केली. नवरीच्या बापानं टेम्पोकडे पाहिलं.

"मिस्त्री काऊन नाही आले जी?"

लग्नघरात मी काय सांगणार होतो?

"कामात आहेत," मी म्हणालो.