खासदारमावशीची निवडणूक

खासदारमावशीला साधा प्रश्न विचारला तरी ती उलट विचारायची, "उत्तर आधीच ठरलंय का?" माझी रूममेट नलू नागपूरची, जिभेला धार. "मावशी, चहा घेणार का?" असं ती विचारायची तेव्हा गॅसवर तिघींचं पाणी आधीच उकळत असायचं. मावशी पातेल्यात डोकावून म्हणायची, "ठरलंय की! मग हात वर करते." आणि खरंच करायची.

न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ, तिच्या घराचा वरचा मजला आम्ही दोघींनी भाड्याने घेतला होता. ती पूर्व युरोपातली, सूतगिरणीतली कामगार आणि तिथल्या संसदेची माजी सदस्य. देशाचं नाव ती घेत नसे, 'घरी' म्हणे. 'मावशी' आम्ही केलं, 'खासदार' नलूने जोडलं. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. मला ते मराठीतच आठवतं. मी गिरणी कामगाराची मुलगी. आमच्या घरात पुस्तकांआधी युनियनची पत्रकं आली आणि त्यांची शाई वाळायच्या आत मी ती वाचून काढायची. त्या पत्रकांतली कामगारांची संसद इथे किचनमध्ये बटाटे सोलत बसली होती! मी आनंदाने वेडी झाले.

"तुमच्या सभागृहात गिरणीतल्या बायका होत्या," मी टेबलावर हात आपटून म्हणायची. "आमच्या लोकसभेत दाखवा एक!"

"होत्या ना. पक्षाच्या यादीत एक कातणारी बाई हवी होती, ती मी. एका जागेला एकच उमेदवार. पडायचं म्हटलं तरी पडता येत नव्हतं." अधिवेशन वर्षातून दोनदा, तेही मोजके दिवस. एरवी वरची छोटी समिती हुकूम काढायची. सभागृह जमलं की त्याला होकार. "हात इतके एकदम वर जायचे, की वारा यायचा."

"बघ यार, तुझी क्रांती," नलू म्हणायची. "आता भांडी घास."

पण शेजारचा कुणी 'तो नुसता कळसूत्री बाहुल्यांचा खेळ' म्हणाला, की मावशी त्याच्यावरही तुटून पडायची. "रविवारी माझ्या दारात रांग लागायची! कुणाचं छत गळतंय, कुणाला घर मिळत नाही. कायदा मला बदलता आला नाही, पण छतं बदलून दिली मी. बाहुल्यांना जमेल का ते!"

एकदा तिला सभागृहात प्रश्न विचारायचा मान मिळाला. तिला कताई खात्यातल्या कापसाच्या धुरळ्याबद्दल विचारायचं होतं. बायका खोकून खोकून काम सोडत होत्या. पक्षाच्या चिटणीसाने हातात दिला तो प्रश्न नव्या यंत्रांच्या यशाचा. सोबत मंत्र्याचं उत्तरही टाइप होऊन आलेलं, टाळ्या कुठे तेही लिहिलेलं. तिने प्रश्न वाचला. लिहिलं होतं तिथे टाळ्या पडल्या.

"त्यात माझ्याही होत्या," ती म्हणाली.

गिरणीतून बाबा घरी आणत तो खोकला मी ओळखते. त्या दिवशी मी वाद घातला नाही. कामगारांवरची माझी श्रद्धा तसूभरही हलली नाही. कामगाराच्या तोंडी आयता प्रश्न कोंबणाऱ्यांवरची मात्र गेली, ती कायमची.

एकोणनव्वदच्या वसंतात 'घरून' फोन आला. मावशी रिसीव्हर छातीशी धरून उभी, चेहरा लालेलाल.

"निवडणूक आहे. एका जागेला तीन उमेदवार!"

"आणि त्यांना तुम्ही हव्या आहात?" मी ओरडले.

"गिरणीतल्या काही जणींना हवी आहे. काहींना अजिबात नको आहे." तिने माझे खांदे गदागदा हलवले. "मुली, मी पडू शकते!"

तिचं पत्रक मीच इंग्रजीत लिहिलं, तिच्या भाषेत ती उतरवणार होती. ज्वाला, एल्गार, मुठी, सगळं घातलं. तिने पेन्सिल घेऊन ओळीमागून ओळ खोडली. "ज्वाला काढ. गिरणीत कापूस असतो. धुरळ्याचं तेवढं ठेव."

नलूने तिला नेवार्कच्या विमानतळावर ड्राइव्ह करून नेलं. "मावशी, पडलात तर परत या."

"आणि जिंकले तर?"

"तर आम्हाला तिकडे बोलवा, आमची छतं बघा!"

मावशी हसत आत गेली. मी काचेला नाक लावून रडत होते आणि मला ओरडून घोषणाही द्यावीशी वाटत होती.

उन्हाळ्यात फोन आला. लाइनीत खरखर आणि त्यावर तिचा आवाज, "पडले! पडले गं!"

नलूने रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधे धरला. "मावशी, रडताय का?"

"हसतेय! एक तरुण शिक्षिका जिंकली. प्रचाराच्या भर सभेत तिने मला विचारलं, इतकी वर्षं तिथे बसून धुरळ्याबद्दल एकदा तरी बोललात का? सगळा गाव ऐकत होता. मी म्हटलं, नाही."

"मग?"

"मग मतदानाच्या दिवशी पडद्यामागे गेले आणि तिलाच मत दिलं."

आम्ही दोघी किंचाळलो. तिकडून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"ठेवते आता," मावशी म्हणाली. "गिरणीतल्या सगळ्या जणी खाली थांबल्यात. त्या शिक्षिकेच्या घरी चाललोय, धुरळ्याचं काय करतेस ते विचारायला."