हयातीला पुरावा नाही

भागवत महाराजांचा फोन वाजत नाही, याला आता दुसरं वर्ष लागलं. मी दत्ता, त्यांच्या मागं मृदंगावर उभा राहणारा. महाराजांना बोलावणं नाही म्हणजे मीही घरीच, त्यामुळं माझी चिडचिड जरा जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

महाराज बोरीकडचे. शेती थोडी, कीर्तन फार. त्यातही पुण्यस्मरणाचं कीर्तन त्यांनीच करावं. आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसायचे, गेलेल्या माणसाचं सगळं विचारून घ्यायचे. ऐकलेली गोष्ट शेजारीपाजारी पडताळल्याशिवाय कीर्तनात घ्यायचे नाहीत. मग उभे राहिले की रडायला आलेली माणसं आधी पोट धरून हसायची.

अशाच एका पुण्यस्मरणानं घात केला. येलदरीकडच्या एका गावात गीताबाई नावाची म्हातारी वारली होती. वर्षश्राद्धाला फाट्यावर फ्लेक्स लावायचा आमच्याकडं रिवाज. मधोमध गेलेल्याचा फोटो, कोपऱ्यात कीर्तनकाराचा. पण गीताबाईचा धड फोटोच घरात नव्हता. फ्लेक्सवाल्यानं मोकळी जागा बघून महाराजांचाच फोटो मोठा केला आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं. एका साप्ताहिकाच्या बातमीदारानं गाडीवरून जाता जाता ते पाहिलं आणि महाराजांना वर पोचवून टाकलं.

तेव्हा आम्ही हसलो. महाराज म्हणाले, “मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतंय म्हनं. बरं झालं.”

पुढं ते हसू आटलं. इंटरनेटवर तो फुकटचा ज्ञानकोश आहे ना, कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, त्यात जिल्ह्यातल्या कीर्तनकारांचं पान निघालं. महाराजांच्या नावापुढं ‘निधन’, आणि खाली पुराव्याला ते साप्ताहिक. हल्ली हरिनाम सप्ताहाच्या कमिट्या पोरांच्या हातात. पोरं आधी मोबाइल बघतात, मग माणूस. बोलावणी कमी होत होत बंदच पडली.

महाराजांची सून राजेश्री शाळेत शिकवते. तिनं त्या पानावर ‘हयात आहेत’ असं लिहिलं. कुणीतरी ते काढलं, वर शेरा मारला : विश्वसनीय स्रोत द्या. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं.

“अगं, म्हाराज वसरीवर बसलेत की,” मी म्हणालो. “यान्ला अजून कसला पुरावा पायजे?”

“दत्ताकाका, त्यांचंबी चुकत न्हाई,” ती थकून म्हणाली. “उद्या कुनीबी येऊन काहीबी लिहील. सुनेचं सांगणं म्हंजे पुरावा न्हाई. छापून आलेलं लागतंय. मी वर्गात पोरान्ला हेच शिकवते.”

छापून आणायचं कुठून? ते साप्ताहिक तोवर बंद पडलं होतं. दुसऱ्या एका वर्तमानपत्रवाल्याला गाठलं, तर तो म्हणाला, माणूस जिवंत आहे ही काय बातमी झाली?

मागच्या महिन्यात मानवतला मोठं कीर्तन होतं. महाराज म्हणाले, “जाऊन बसू. तोंड दिसलं तर माणसं बोलवतील. मला अजून एकदा उभं ऱ्हायचंय, दत्ता.” धुतलेलं धोतर, नवा फेटा. एसटीत सबंध वाटेत ते गुणगुणत होते. किती दिवसांनी.

मंडपात आम्ही गर्दीत मागं बसलो. कमिटीतल्या महारुद्र नावाच्या तरुणानं माइक घेतला आणि मोबाइलमध्ये बघून जिल्ह्यातल्या दिवंगत कीर्तनकारांची नावं वाचली. त्यात भागवत महाराज. मग म्हणाला, सर्वांनी श्रद्धांजलीसाठी उभं राहावं.

मी ओरडणार होतो. महाराजांनी माझं मनगट धरलं.

“गप. बाकीचे खरंच गेलेत.”

माझ्या खांद्याचा आधार घेत ते उठले आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. मला रडू आवरेना. शेजारच्याला वाटलं, मी महाराजांचा कुणी जवळचा असेन.

कीर्तन संपल्यावर ते महारुद्राजवळ गेले. “लेकरा, भागवत म्हाराज म्याच.”

पोरानं त्यांच्याकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, आणि पटकन पाया पडला. पोरगा वाईट नव्हता. “माफ करा म्हाराज. पर कार्यक्रमाची बातमी पाठवून बसलो की पेपरला.”

बातमी आली. त्याच वर्तमानपत्रात, ज्याला महाराज जिवंत असण्यात काही बातमी दिसली नव्हती. आठवड्यात ज्ञानकोशाच्या पानावर तिची नोंद लागली. महाराजांच्या निधनाला आता दोन पुरावे झाले.

राजेश्रीनं हे सांगितलं तेव्हा मी मनसोक्त शिव्या दिल्या. महाराज तिला एवढंच म्हणाले, “त्यात गीताबाईचं नाव हाय का बघ.”

“कोन गीताबाई, मामा?” तिनं सासऱ्याला विचारलं.

“जी खरी मेली ती.”

तिनं शोधलं. मराठीत शोधलं, इंग्रजीत शोधलं, गावाचं नाव घालून शोधलं.

“न्हाई मामा. कुठंच न्हाई.”

महाराजांनी मान हलवली. उठले, आणि रोजच्यासारखा फोन चार्जिंगला लावला.