नीलाकाकूंचा गेमिंग कॉम्प्युटर

शरणचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर लातूरच्याच गाडीची वाट पाहत होतो. तिथं नीलाकाकूंच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघर करायला लागला होता, तो साफ करून द्यायला निघालो होतो. शरण, काकूंचा एकुलता एक मुलगा, पुण्याहून बोलत होता. "बसू, आई लिंगैक्य झाली रे… झोपेतच गेली." मी म्हणालो, "मी तिकडंच निघालोय." "तुला आधी कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "कुणी नाही, सहजच निघालो होतो," मी म्हणालो. घरातला तो कॉम्प्युटर माझा आहे, जागा नाही म्हणून मी काकूंकडे ठेवलाय, असंच शरणला माहीत होतं. काकूंनीच तसं सांगितलं होतं.

काकांचा लातुरात डाळीचा व्यापार होता. ट्रक भरून डाळ हैदराबादला जायची. काकू ट्रकच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायच्या, पण ट्रकमध्ये त्या कधी बसल्या नाहीत. काका गेल्यावर एकदा पुण्याला राहिल्या असताना नातवाचा ट्रक चालवायचा गेम त्यांनी पाहिला. नातवानं कौतुकानं एक वळण घेऊ दिलं. परत आल्यावर त्यांचा मला फोन. "काय करायलास रे बसू? ते ट्रकच्या गेमचं यंत्र घरी बसवायचं तर काय काय लागतंय?" मी म्हणालो, "नातू येणार आहे का सुट्टीत?" "न्हाई रे. मलाच पाहिजे." मी मोठ्यानं हसलो. मला ते फार आवडलं होतं म्हणून हसलो. पण फोनवर नुसतं हसूच ऐकू जातं.

खरेदी नांदेडला करायची, कारण लातुरात सगळे ओळखतात, असं त्यांनी ठरवलं. भिशीतून जेवढे सुटले होते तेवढ्यातच भागवायचं होतं. दुकानदारानं आधी रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट पुढं केला. "दिवे नकोत. खिडकीतून दिसतील," काकू माझ्या कानात म्हणाल्या. मग दुकानदारानं विचारलं, "कोण खेळणार आहे?" काकूंनी पदर सावरला, काउंटरवरचं धुळकट कॅलेंडर बघत म्हणाल्या, "नातू." चेहरा लाल झाला होता. मी ग्राफिक्स कार्ड जरा हलकं घेऊ म्हणत होतो, म्हणजे नवा मॉनिटरही त्याच पैशात बसला असता. काकूंनी ऐकलं नाही. "डाळ चांगली पाहिजे बसू, पोत्याकडं कोण बघतंय?" तेव्हा कार्ड बरं घेतलं, कॅबिनेट साधा काळा पत्र्याचा, आणि मॉनिटर माझा जुनाच द्यायचं ठरलं. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, दुकानदार स्वस्तातला देत होता. तो मात्र चांगल्यातला घ्या, नाहीतर सगळंच जळेल, असं मी म्हणताच त्यांनी मान हलवली. लातूरच्या विजेनं त्यांचा एक फ्रिज खाल्ला होता. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं खोक्यांकडं बोट करून विचारलं, काय आहे? "मिक्सर हाय," काकू म्हणाल्या. मला पुन्हा हसू आलं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

जोडणी करून दिली, गेम टाकून दिला. पुढं मी लातूरला गेलो की कॉम्प्युटरवर धुतलेली चादर घातलेली असायची. "चालवता का ट्रक?" मी विचारायचो. "कुठलं रे… कधीमधी," म्हणत त्या चहा टाकायला उठायच्या. एकदा दारातूनच इंजिनाचा आवाज ऐकला, कडी वाजवली आणि आवाज बंद. दार उघडलं तेव्हा त्या घामेजल्या होत्या. लोकांची भीती बाळगतात बिचाऱ्या, असं मला वाटायचं. गल्लीत कळलं तर नावं ठेवतील, भजनाच्या बायका बोलतील… हे मी घरी बायकोलाही सांगितलं होतं, जरा मजेनंच.

तेराव्यानंतर मी आणि शरण खोली आवरत होतो. मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं चादरीचा कोपरा हातात धरला. "मला का नाही सांगितलं तिनं?" मी म्हणालो, "गल्लीला लाजत होत्या." तेवढ्यात शेजारच्या रझियाभाभी डबा घेऊन आल्या. त्यांनी ते ऐकलं.

"गल्लीला?" त्या म्हणाल्या. "गल्लीला सगळं माहीत हाय की. दुपारी आम्ही दोघी-तिघी इथंच. नीलाभाभी चालवायची, मी बाजूला बसून रस्ता सांगायची. लई लांब लांब नेलं तिनं मला." बोलता बोलता त्यांनी आमच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही यायचे म्हटलं की बंद करायची. म्हणायची, पोरं हसतील."

शरण माझ्याकडं बघत नव्हता. मीही त्याच्याकडं बघितलं नाही.

जरा वेळानं त्यानंच चादर काढली. "भाभी, दाखवता का?" रझियाभाभींनी सवयीच्या हातानं बटण दाबलं. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. त्या उजवीकडच्या खुर्चीवर बसल्या आणि दुसरी तशीच राहू दिली. पडद्यावर ट्रक एका लांब सरळ रस्त्याच्या कडेला उभा होता. पंखा घरघरत होता. आम्ही दोघं मागं उभे राहिलो. बसा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही, आणि आम्हालाही बसवेना.