आमच्या मुरमावर जेट उतरते म्हणजे उतरतेच

चहा घ्या, बिस्किट घ्या, पण एक आधी कबूल करा. ऐकताना हसायचं नाही. अगदीच आवरलं नाही तर तोंड तिकडं करून हसा. कारण माझी फजिती झाली हे मला मान्य आहे. माझं म्हणणं चुकलं हे आजही मान्य नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, राव!

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अंगाला, चारी बाजूंनी कपाशी. बोंडअळी फार माजली म्हणून विमानानं फवारणी सुरू झाली आणि औषध भरायला ते विमान उतरावं म्हणून गावाबाहेर मुरूम दाबून एक धावपट्टी केली.

विमान तरी केवढं? एक माणूस आणि औषधाची टाकी. पण धावपट्टी आमच्या गावात! आजूबाजूची चार गावं आमच्याकडं मान वर करून बघायची. त्यात मी मुंबईला जाऊन आलेला. सांताक्रूझच्या कुंपणाबाहेर उभं राहून मोठं जेट उतरताना या डोळ्यांनी पाहिलेलं. मग विमानाबद्दल बोलायचा हक्क गावात कोणाचा? माझाच ना?

एका सकाळी हाटेलात मी सहज म्हणालो, "आपल्या पट्टीवर मोठं जेटबी उतरते."

शाळेचे गुरुजी कपातून तोंड न काढता म्हणाले, "नाही उतरत."

"काऊन नाही उतरत?"

"अरे पुंडलिक, त्याले मैल-दीड मैल पक्की पट्टी लागते. अन् वजन पाह्य त्याचं! तुह्या मुरमात रुतून बसन ते."

तुह्या मुरमात! मुरूम काय माझ्या घरचा होता? पण भर हाटेलात त्याला नावं ठेवली, त्या क्षणापासून तो माझाच झाला.

"गुरुजी, जेटची चाकं कायची?"

"रबराची."

"आपल्या बैलगाडीची?"

"लाकडाची. वरून लोखंडी धाव."

"मंग लोखंड जिथं रुतत नाही, तिथं रबर रुतन काय?"

तुम्हीच सांगा, याला काही उत्तर आहे? मला तरी आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

आता आमच्याकडं जमीन पाहायची रीत एकच. पावसाळ्यात पांदणीतून वाट निघेल की नाही, हे कोणी बसून ठरवत नाही. भरलेली गाडी घालायची. निघाली तर वाट, अडकली तर चिखल. मी उठलो आणि म्हणालो, "जुंपा गाड्या! भरा गोटे!"

दौलतआबा म्हणजे गावातले वडीलधारे, बारा एकर कपाशीचे धनी. ते कळवळून म्हणाले, "अरे, उद्या फवारणीचं विमान येऊन राह्यलं. परवा कर तुही परीक्षा. वरून कालच पाणी पडलं."

"ओल्यातच खरी परीक्षा असते, आबा!"

हे वाक्य मी का बोललो? मला विचारू नका.

एकवीस गाड्या जमल्या, गोट्यांनी गच्च भरलेल्या. एका ओळीत पट्टीच्या या टोकावरून त्या टोकाला गेल्या. मुरमावर नुसत्या रेघा! मी गुरुजींपुढं छाती काढून उभा राहिलो. "बोला आता!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जेट असं चालत येते काय? ते धावत येते."

झालं! मला डिवचायचं नसतं हो. "पळवा बे गाड्या!" मी ओरडलो. आणि शंकरपटात बैल पळवण्यात हयात गेलेली आमची माणसं, त्यांना काय, एवढंच पाहिजे होतं.

अर्ध्या पट्टीपर्यंत काय देखणं दृश्य होतं! मग मुरूम फुटला. खालची काळी माती वर आली, पुढची गाडी कण्यापर्यंत बसली, मागच्यांनी बगल दिली, त्याही बसल्या. एकेक गाडी ओढायला तीन-तीन जोड्या लावल्या, त्यांच्या खुरांनी उरलंसुरलं उकरलं. दिवस मावळताना पट्टी अशी झाली होती की तिफण घातली असती तर हरभरा निघाला असता.

सकाळी विमान आलं. एक घिरटी, दुसरी घिरटी. मी फेटा सोडून हलवत सुटलो, "उतर! काही होत नाही! उतर!" पायलटनं वाकून खाली पाहिलं. तिसऱ्या घिरटीनंतर तो दुसऱ्या गावाकडं निघून गेला.

मोठं जेट राहिलं बाजूला, चिमणीएवढं विमान उतरेना!

दौलतआबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुंडलिक, अळी बोंडात शिरून राह्यली रे."

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, मान वर होईना.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. गुरुजींनीच तोड काढली. "मी धामणगाव बढ्याहून चार पंप आणतो, सारे मिळून हातानं फवारू. तू फक्त एवढंच म्हण, जेट नाही उतरत."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तं गावात पाठीवरचा एक पंप हाये. तो अन् तू."

मी पंप उचलला.

विमानाच्या भरवशावर राहिलेल्या आठ जणांची कपाशी होती. आधी आबांची बारा एकर. पहाटे निघायचो, दुपारपर्यंत खांदे सोलून निघायचे, भाकरीला औषधाचा वास यायचा. ज्याचं वावर तो बांधावर उभा. "काय पुंडलिक, उतरते काय?"

"उतरते!"

"मंग घे अजून एक टाकी."

आबांना दया आली. पंप खाली उतरवताना हळूच म्हणाले, "हट्ट सोड बे. मह्या कानात म्हण, मी कोणाले सांगत नाही."

"उतरते, आबा."

शेवटचं वावर गुरुजींचं. ते स्वतः बादलीनं पाणी ओतू लागले, आणि ओतता ओतता थांबले. "काय रे, तुही कपाशी केव्हा फवारली?"

मी उत्तर द्यायच्या आत बांधावर बायको दिसली. ओच्यात आमच्याच वावरातली बोंडं घेऊन आली होती. एकेक फोडून तिनं माझ्या हातावर ठेवलं. प्रत्येकात एक गलेलठ्ठ अळी, खाऊनपिऊन सुखी.

"साऱ्या गावच्या वावरात उतरलं तुमचं विमान," ती म्हणाली. "घरच्या वावरात कधी उतरन? अन् म्हना आता, उतरते काय जेट?"

गुरुजींनी बादली खाली ठेवली.

"उतरते," मी म्हणालो. फक्त त्या खेपेला जरा हळू म्हणालो.